मदत हवी आहे: पायी नर्मदा परिक्रमेत चार्जिंगची सोय कशी करावी?

नर्मदे हर मंडळी!

या कार्तिकात आई आणि मी ओंकारेश्वरहून पायी परिक्रमा उचलतोय. सोबत दोन मोबाइल, एक हेडटॉर्च आणि आईचं श्रवणयंत्र. फोन दिवसभर फ्लाइट मोडवर ठेवता येतील, पण श्रवणयंत्र रोज रात्री डबीत ठेवून चार्ज करावंच लागतं. रस्त्याच्या कडेने चालताना मागून येणारी गाडी तिला ऐकू यायलाच हवी, म्हणून खरी काळजी त्याचीच आहे.

२०,००० एमएएचची पॉवर बँक घ्यायचा विचार आहे. ५,००० एमएएचचा फोन तिच्यावर चार वेळा भरेल असं वाटतं खरं, पण व्होल्टेज बदलताना ऊर्जा वाया जाते, त्यामुळे प्रत्यक्षात अडीच-तीन वेळाच धरायचं. शिवाय साध्या १० वॅटच्या चार्जरवर ती भरायला अख्खी रात्र लागते. आश्रमात एका सॉकेटभोवती सगळे परिक्रमावासी असताना तो रात्रभर अडवणं मला बरं वाटत नाही. मग १०,०००च्या दोन घेऊन २० वॅटचा चार्जर आणि छोटा एक्स्टेंशन बोर्ड न्यावा का? बोर्ड असला तर इतरांचीही सोय होईल.

शूलपाणीच्या झाडीतून (वाटेतल्या डोंगराळ जंगलातून) गेलेल्यांनी कृपया सांगा: तिथे सलग किती मुक्काम विजेशिवाय काढावे लागले? सॅकवर बांधायचं सोलर पॅनल चालता चालता उपयोगी पडतं का? उन्हाकडे तोंड सारखं बदलणार, त्यामुळे मला शंकाच आहे. आणि हेडटॉर्च चार्जिंगचा बरा की सेलचा?