स्पेनचा डिजिटल नोमॅड व्हिसा: ३,४०० युरो पुरतील का?

चिंचवडकर: अमेरिकन कंपनीचं काम घरून करतो. कंपनीची भारतात शाखा नाही, त्यामुळे पगार, स्लिप, पीएफ सगळं ईओआर (एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड, म्हणजे कागदोपत्री मालक) एजन्सीमार्फत. महिन्याला साधारण ३,४०० युरो होतात. बायको आणि मुलीसह डिजिटल नोमॅड व्हिसावर (बाहेरच्या कंपनीचं काम स्पेनमध्ये राहून करण्यासाठीचा) वर्षभर व्हॅलेन्सियाला राहायचंय. एवढ्यावर भागेल का? आणि कागदपत्रांत लोक कुठे अडकतात?

नळस्टॉप: एकट्याचं भागेल, तिघांचं नाही. अट आहे स्पेनच्या किमान वेतनाच्या दुपटीची. २०२५ साली ते वेतन १,१८४ युरो होतं, पण तिकडे वर्षाला १४ हप्ते मिळतात. ते १२ महिन्यांवर पसरवून दुप्पट केलं की २,७६३ येतात. कुणी २,३६८ सांगत असेल, तर तो जादा दोन हप्ते विसरलाय. बायकोसाठी आणखी १,०३६, मुलीसाठी ३४५. एकूण ४,१४४. हा आकडा किमान वेतनाबरोबर वाढतो, तेव्हा अर्ज कराल त्या वर्षाचा धरा.

पण पगारापेक्षा मोठी गोची ईओआरची आहे. पगारदार म्हणून अर्ज केलात की सोशल सिक्युरिटीचा पुरावा मागतात. भारत आणि स्पेनमध्ये त्याबाबतचा करार नाही, त्यामुळे ईपीएफओचं कव्हरेज सर्टिफिकेट (वर्गणी भारतात भरतोय याचा दाखला) तिथे उपयोगाचं नाही. मग मालकाने स्पेनमध्ये नोंदणी करून तिथली वर्गणी भरायची. एका माणसासाठी हे सहसा कुणी करत नाही.

चिंचवडकर: आणि थेट अमेरिकन कंपनीशी कॉन्ट्रॅक्टर म्हणून करार केला तर?

नळस्टॉप: तोच सरळ रस्ता. स्पेनमध्ये 'आउतोनोमो' (स्वयंरोजगारी) म्हणून नोंदणी करायची, वर्गणी स्वतः भरायची. मात्र अर्जाआधी त्या कंपनीसोबत किमान ३ महिने काम झालेलं हवं आणि कंपनी निदान वर्षभर चालू असलेली. उद्या करार बदलून परवा अर्ज टाकू नका. ३ इन्व्हॉइस आणि त्यांचे पैसे खात्यात दिसू द्यात. कंपनीच्या पत्रात 'स्पेनमधून काम करण्यास परवानगी' असं स्पष्ट लिहून घ्या, नुसतं 'रिमोट' लिहून भागत नाही. स्पॅनिश क्लायंट घेतलात तर ते काम २० टक्क्यांच्या आत.

गिरगाव_चाळ: कागदांचं सांगतो. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या कॉन्सुलेटकडे जातात. आधी अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून सरकारी प्रमाणीकरण), मग स्पॅनिश भाषांतर, हा क्रम मोडू नका. कागदाच्या मागे चिकटवलेल्या अपोस्टिलच्या स्टिकरचंही भाषांतर लागतं. उलटं केलंत तर भाषांतराचे पैसे दोनदा. भाषांतर स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाने मान्यता दिलेल्या 'त्रादुक्तोर हुरादो'कडूनच (शपथबद्ध भाषांतरकार) करून घ्या, गल्लीतल्या एजन्सीचा शिक्का चालत नाही.

पदवी आणि लग्नाच्या दाखल्याला अपोस्टिलआधी राज्याच्या पातळीवर साक्षांकन लागतं, त्यात वेळ जातो. म्हणून ती कामं आधी लावा, आणि पासपोर्ट ऑफिसची पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) सगळ्यात शेवटी काढा, नाहीतर बाकीचे कागद येईपर्यंत ती जुनी होते. पदवी नसेल तर ३ वर्षांचा अनुभव चालतो. आरोग्य विमा कोपेमेंट (उपचाराच्या खर्चातला आपला वाटा) नसलेला हवा. ट्रॅव्हल इन्शुरन्स परत पाठवतात. आणि वहिनींच्या पासपोर्टवर माहेरचं नाव असून बाकी कागदांवर सासरचं असेल, तर ते आत्ताच निस्तरा.

बाणेर_बायपास: ४,१४४ जमत नसतील तर थायलंडचा डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) बघा. जुलै २०२४ पासून सुरू आहे. ५ वर्षांचा, मल्टिपल एंट्री, दर प्रवेशाला १८० दिवस. खात्यात ५ लाख बाट दाखवायचे, किमान पगाराचा ठरावीक आकडा नाही. पण नोकरीचा करार मागतात. ईओआरवाल्यांना ही वाट सोपी. बायको-मुलीचे अर्ज वेगळे, फी प्रत्येकाची वेगळी. अर्ज थायलंडबाहेरूनच, ऑनलाइन. सलग ९० दिवस झाले की इमिग्रेशनला पत्त्याची खबर द्यावी लागते, आणि घरमालकाने टीएम३० (परदेशी माणूस राहायला आल्याची इमिग्रेशनला खबर देणारा फॉर्म) भरलाय ना ते पहिल्याच दिवशी विचारा. तो भरलेला नसला की पुढच्या कामाला खोळंबा.

जपानच्या नोमॅड व्हिसाच्या नादी लागू नका. भारतीय पासपोर्ट त्यांच्या यादीत नाही.