शाळा म्हणते, दुसरीकडं बघा

(बेळगावातल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं)

ए-१०२ ताई: नेहमीसारखा पाण्याचा नाही, घरचा विषय आहे, पण विचारल्याशिवाय राहवेना. शाळेनं बोलावून सांगितलं, पोराला पुढच्या वर्षी दुसरीकडं बघा. तिसरीत आहे. बोलायला हुशार, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो, पण वाचायला बसला की अडतो, अक्षरं उलटीसुलटी लिहितो. कुणाला काय माहीत असेल तर सांगा.

ए-३०४ काका: एवढं मनाला लावून घेऊ नको ग. चांगली ट्यूशन लाव. मोठा झाला की येतंय सगळं.

सी-२०१ काकू: काका, राग मानू नका, पण हेच ऐकत मी माझ्या लेकाची तीन वर्षं घालवली. त्याला ऑटिझम आहे हे सगळ्यांना माहीत आहे, आता सोळाचा झाला. ट्यूशनमध्ये तोच धडा परत परत घोकून घेतात. पोर अडतंय कुठं, ते कोण बघत नाही.

ताई, शिक्षण हक्क कायदा २००९ चा आणि दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. दोन्हीत कलम १६ च बघ, लक्षात ठेवायला सोपं. पहिल्यात, आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईतो मुलाला शाळेतून काढता येत नाही. दुसऱ्यात, अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, आणि शिकण्यातली अडचण लवकर ओळखायची. म्हणजे ओळखायचं काम शाळेचंच! तुमची शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर पहिला कायदा लागू नाही, दुसरा आहे. तोंडी सांगितलं ना? मग "लिहून द्या" एवढंच म्हण.

ए-१०२ ताई: आणि तपासायचं कुठं काकू?

सी-२०१ काकू: बिम्सला जा, बेळगावचं सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. दिव्यांगांच्या तपासणीचे दिवस आधी विचारून घे, नाहीतर हेलपाटा होतो.

पण त्याहून मोठी गोष्ट सांगते. आपल्या पोरांची घरी मराठी, शाळेत इंग्रजी, वर कन्नड. टेस्ट एकट्या इंग्रजीत घेतली तर भाषा येत नाही की वाचायलाच जड जातंय, हे कसं कळणार? माझ्या लेकाला पहिल्यांदा तपासलं तेव्हा सगळं कन्नडमध्ये विचारलं. तो गप्प. कागदावर लिहिलं, साध्या सूचना समजत नाहीत. 'चेंडू दे' म्हटलं असतं तर त्यानं उठून दिला असता. मी शेजारीच बसले होते आणि मला बोलायचं धाडस झालं नाही. ते अजून सलतं. तू बोल. घरची भाषा मराठी आहे, मराठीतही बघा, असं स्पष्ट सांग आणि कागदावर नोंद करून घे.

बी-४०३ दादा: काकू, आमच्या अक्काची पोरगी खानापूरकडं असते. नऊ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, चालता येत नाही. शाळेत नावच घातलं नाही. तिला काय करता येईल?

सी-२०१ काकू: अरे, नाव आधी घाला! बहुविकलांग किंवा तीव्र अपंगत्व असेल तर घरी शिकायचा हक्क शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनं दिलाय. खानापूरच्या बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकारी ऑफिसात बीआयईआरटी शिक्षकांची चौकशी करा, अशा मुलांसाठीच ते नेमलेले असतात. सरकारच्या समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग मुलींना महिन्याला २०० रुपये भत्ता आहे, तो मागा. पंचायतीत व्हीआरडब्ल्यू म्हणून पुनर्वसन कार्यकर्ते असतात, कागदपत्रांना त्यांची मदत होते. आणि निरामय हा सरकारी आरोग्य विमा काढा, सेरेब्रल पाल्सीला १ लाखापर्यंत खर्च मिळतो, त्यात थेरपीही येते.

बी-४०३ दादा: तिचे डॉक्टर कोल्हापूरचे आहेत. दिव्यांगाचं ओळखपत्र, ते यूडीआयडी कार्ड, तिकडूनच काढायचं काय?

सी-२०१ काकू: औषधपाणी तिकडं चालू दे. यूडीआयडीचा अर्ज आधारवरच्या पत्त्यानं इकडून करता येतो. एकदा कार्ड आलं की देशभर चालतं. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के अपंगत्व लागतं.

ए-१०२ ताई: कार्ड काढलं तर पोराला शिक्का बसेल, असं सासूबाई म्हणालेत.

सी-२०१ काकू: त्यांची काळजी मला कळते. पण आज वर्गात त्याला आळशी म्हणालेत, तो शिक्का कोण पुसणार? कागद असला तर परीक्षेत ताशी किमान २० मिनिटं जास्त मिळतात, लेखनिक मागता येतो. दहावीच्या ऐन वेळी धावाधाव नको. सासूबाईंना माझ्याकडं चहाला घेऊन ये, मी बोलते.

ए-३०४ काका: ताई, मघाशी मी उगाच बोललो. सोमवारी गाडी मी काढतो. आधी चौकशी करून येऊ, मग पोराला घेऊन जाऊ.

ए-१०२ ताई: चालेल काका. काकू, वह्या न्यायच्या काय?

सी-२०१ काकू: ने. फक्त तू सुधारून परत लिहून घेतलेल्या नको. त्यानं मुळात जशा लिहिल्यात तशाच ने.