मदत हवी आहे : चीजसाठी जीएम बुरशीचं रेनेट, सुरक्षिततेचे कागद कोणते मागू?

सई_गोठा
गाऊडा चीजची मोठी ऑर्डर आहे. हॉटेलवाले म्हणतात, दूध गोठवायला वापरता ते रेनेट जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या बुरशीचं आहे, सुरक्षित असल्याचं लेखी द्या. पुरवठादार म्हणतो, "जगभर चालतं, काळजी करू नका." एवढ्यानं माझं भागत नाही. शुक्रवारी कागद द्यायचेत. नक्की काय तपासलेलं असतं आणि मी काय मागू?

निवळी
कुठलं रेनेट? डब्यावर काय लिहिलंय ते जसंच्या तसं टाका. पावडर की द्रव?

पाटीलकाका
सरळ म्यूकर बुरशीचं घ्या. साधं मायक्रोबियल, जीएमची भानगडच नाही. मी तेच वापरतो.

निवळी
काका, ताज्या चीजला चालेल. गाऊडा महिनोन्‌महिने मुरतो. म्यूकर प्रथिनं जास्त तोडतं, मग कडवटपणा येतो आणि उताराही घटतो.

पाटीलकाका
माझं चीज कोणी कडू म्हटलेलं नाही.

निवळी
तुमचं किती मुरतं?

पाटीलकाका
पंधरवडा.

सात्त्विक_आहार
बुरशीत वासराचं जनुक घातलंय, मग हे शाकाहारी कसं? आधी याचं उत्तर द्या.

सई_गोठा
डब्यावर "कायमोसिन, अ‍ॅस्परजिलस नायजर" एवढंच आहे, म्हणजे दूध गोठवणारं विकर आणि ते बनवणारी बुरशी. द्रव आहे. शाकाहाराचं कोणी विचारलेलं नाही, कृपया त्यासाठी वेगळा धागा काढा.

किण्वन
सईताई, युरोपातली अन्नसुरक्षा संस्था ईएफएसए ज्या क्रमानं तपासते तो सांगतो, म्हणजे काय मागायचं ते कळेल.

आधी बुरशीची जात. मूळ जात कुठली, कोणतं जनुक घातलं, प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुक मागे राहिलंय का. नायजरच्या काही जाती ऑक्राटॉक्सिन आणि फ्युमोनिसिन ही विषं बनवतात, त्यामुळे ही जात ते बनवत नाही हे दाखवावं लागतं. काही जिवाणूंना त्यांच्याकडे "सुरक्षित धरलेले" म्हणून चाचण्यांत सवलत मिळते; तंतुमय बुरशींना ती नाही.

मग तयार माल. त्यात जिवंत बुरशी उरलेली नाही आणि तिचा डीएनए सापडत नाही, हे बॅचनिहाय. पुढे जनुकांना इजा होते का याच्या चाचण्या आणि उंदरांवर 90 दिवसांचा आहार. त्यात ज्या मात्रेला अपाय दिसला नाही ती आणि माणसाच्या पोटात जाणारी मात्रा, यांत किती अंतर आहे ते बघतात. कायमोसिनचा मोठा भाग निवळीबरोबर (दूध गोठल्यावर सुटणारं पाणी) निघून जातो, म्हणून ती मात्रा फार कमी असते. अ‍ॅलर्जीसाठी प्रथिनाची रचना माहीत असलेल्या अ‍ॅलर्जीकारक प्रथिनांशी ताडतात. 80 अमिनो आम्लांच्या पट्ट्यात 35 टक्क्यांहून जास्त साम्य दिसलं की पुढची चौकशी.

पाटीलकाका
हे सगळं कंपन्याच करून देतात ना? आणि 1990 पासून लोक बुरशीचं खातायत म्हणतात, तर एवढी तपासणी कशाला?

किण्वन
1990 साली अमेरिकेत मान्यता मिळाली ती ई. कोलाय जिवाणूत बनवलेल्या कायमोसिनला, बुरशीतल्या नाही. अभ्यास कंपनी देते हे खरं. म्हणूनच कच्चे आकडे बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासलेत का, हे मी आधी बघतो. "जगभर चालतं" हा पुरावा नव्हे.

कापूसपट्टा
बीटी कापसाच्या वेळीही असंच सांगितलं होतं.

निवळी
कापसात बदललेलं झाड शेतात उभं असतं. इथे बुरशी बंद टाकीत वाढते आणि गाळून काढतात. दोन्हींना एकच माप लावू नका.

पाववाला
आमच्या बेकरीत बुरशीचं अमायलेज (पिठातलं स्टार्च फोडणारं विकर) असतं. खाण्यात त्रास नाही, पण पावडर नाकात गेली की दम्याचा धोका. पोती ओतताना मास्क लावा.

सई_गोठा
माझं द्रव आहे. पण पाववाल्यांचं लक्षात ठेवते, पुढे पावडर घेतली तर उपयोग होईल. पुरवठादारानं आत्ता एक पान पाठवलं : जड धातू, जिवाणूसंख्या, बस.

किण्वन
अपुरं आहे. बुरशीच्या जातीचा क्रमांक मागा. मूल्यांकन त्या जातीचं असतं, "नायजर" या नावाचं नव्हे. क्रमांक मिळाला की त्याच जातीवरचं ईएफएसएचं मत शोधता येईल. सोबत तुमच्या बॅचचा "जिवंत बुरशी नाही, डीएनए नाही" हा दाखला. आजच मेल टाका, फोनवर ते पुन्हा तेच सांगतील.