सेप्सिस, सेफ्टिक, शॉक : मराठीत नेमकं काय म्हणायचं?

माझगावची
१३ सप्टेंबरला जागतिक सेप्सिस दिन असतो. त्यानिमित्त रुग्णांच्या नातेवाइकांना वाटायचं एक पानाचं पत्रक मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पहिल्याच ओळीवर गाडी अडली आहे. आधीच्या मसुद्यात कुणीतरी 'पूतिता' आणि 'पूतिजन्य आघात' असे शब्द घातलेत. सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "हे कुठल्या देवीचं स्तोत्र गं?"

दुसरी अडचण 'शॉक'ची. दोन पावसाळ्यांपूर्वी माझी मावशी लघवीच्या इन्फेक्शनने ॲडमिट होती. तिसऱ्या दिवशी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "पेशंट शॉकमध्ये गेल्यात." तिचा धाकटा भाऊ गावी त्याच आठवड्यात वारला होता आणि ते आम्ही तिच्यापासून लपवलं होतं. मावसभाऊ तिथेच वॉर्डबॉयवर उखडला, "आईला कोणी सांगितलं?" बिचाऱ्या वॉर्डबॉयला काही कळेना. डॉक्टर कशाबद्दल बोलत होते हे आम्हाला समजायला अर्धा तास गेला.

तर या दोन गोष्टींना साध्या मराठीत काय म्हणावं?

कोशकीटक
पूतितेवर इतकं रागावू नका. शब्द बरोबर आहे, फक्त कुणाच्या तोंडात नाही. संस्कृतात 'पूति' म्हणजे सडका, घाण वास येणारा. आपला 'पू' हा 'पूय'वरून आला, आणि पूति-पूय ही एकाच घरातली भावंडं. लॅटिनमधला 'पस'ही त्यांचा लांबचा चुलतभाऊ लागतो. ग्रीक 'सेप्सिस'चा अर्थही कुजणं, सडणं असाच. हिपोक्रेटिसच्या काळापासूनचा शब्द आहे. म्हणजे पूतिता हा त्याचा सरळसोट तर्जुमा झाला.

त्याच ग्रीक शब्दाची पोरं आपल्याकडे वेगवेगळ्या वाटांनी आली. सोसायटीची सेप्टिक टँक म्हणजे जिथे मैला कुजवतात ती टाकी. आणि अँटिसेप्टिक म्हणजे मुळात 'कुजण्याच्या विरुद्ध'. ब्रिटिश सर्जन लिस्टरने १८६७ साली कार्बोलिक ॲसिडने जखमा धुण्याची पद्धत मांडली, ती जखम सडू नये म्हणून.

पहाटपाळी
बावीस वर्षं वॉर्डात काढलीत, म्हणून बोलते. लोकांच्या तोंडचा शब्द 'सेफ्टिक'. "खिळा लागला न् सेफ्टिक झालं." यात गोची अशी की सेफ्टिकला जखम लागते, चिघळलेली, डोळ्यांना दिसणारी. निमोनियाच्या किंवा लघवीच्या इन्फेक्शनच्या पेशंटला सेप्सिस झालाय म्हटलं की नातेवाईक चादर उचलून बघतात. "सिस्टर, जखम तर कुठेच नाही!" शुगरच्या पेशंटचा पाय असेल तर पटतं. आजोबांना नुसती खोकल्याची उबळ होती आणि आता व्हेंटिलेटर, हे काही पटत नाही.

आम्ही मग काय सांगतो? "इन्फेक्शन रक्तात गेलंय." काम भागतं.

अतिदक्ष
सिस्टर, भागतं खरं, पण अर्धवट. मीही तेच वाक्य वापरतो आणि दरवेळी मनात चुटपुट लागते. सेप्सिसच्या कितीतरी पेशंटच्या ब्लड कल्चरमध्ये जंतू उगवतच नाहीत. मग नातेवाईक रिपोर्ट घेऊन येतात, "डॉक्टर, रक्तात काही नाही लिहिलंय, मग तुम्ही कशाला घाबरवताय?"

शब्दार्थाच्या अंगाने सांगतो, कारण अर्थच बदलत गेलाय. १९९२ची व्याख्या होती : संसर्ग, आणि जोडीला ताप किंवा अंग गार पडणं, ९०च्या वर नाडी, २०च्या वर श्वास, पांढऱ्या पेशी वाढलेल्या किंवा घटलेल्या, यांतल्या किमान दोन खुणा. पण साध्या फ्लूमध्येसुद्धा एवढं होतं. म्हणून २०१६ साली व्याख्या पालटली. आता सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेलं उत्तर बेताल होऊन स्वतःच्याच अवयवांना इजा होणं, आणि तीही जिवावर बेतेल इतकी. कुजण्याचा यात संबंध उरला नाही. जंतू सुरुवात करून देतात. तो बॅक्टेरिया असेल, मलेरिया असेल, कोविडचा विषाणू असेल. पुढचं बरंचसं नुकसान आपलंच सैन्य करतं.

लालबागचा नातू
डॉक्टर, मग शॉक त्यात कुठे बसतो? सेप्सिस आणि सेप्टिक शॉक मी आजवर एकच समजत होतो.

अतिदक्ष
चाळ डोळ्यांसमोर आणा. गच्चीवर टाकी, खाली सगळ्या माळ्यांना पाइप. समजा एका रात्रीत सगळे पाइप आपोआप रुंद झाले आणि जागोजागी झिरपायलाही लागले. टाकीत पाणी कालच्याइतकंच होतं, पण आता नळाला प्रेशर नाही, आणि जे पाणी आहे तेही भिंतींत मुरतंय. सेप्सिसमध्ये रक्तवाहिन्या अशाच सैलावतात, बारीक केशवाहिन्यांतून द्रव ऊतींमध्ये पाझरतो. वर त्याच बारीक वाहिन्यांत रक्ताच्या गुठळ्याही धरतात, म्हणजे गंजाने चोंदलेला नळ. मेंदू, किडनी, यकृत यांना हवा तेवढा प्राणवायू मिळत नाही, मिळालेला पेशींना नीट वापरता येत नाही, आणि रक्तात लॅक्टेट, म्हणजे पेशींची अशी ओढाताण झाली की साचणारं द्रव्य, चढतं.

सुरुवातीला याच सैलावलेल्या वाहिन्यांमुळे हातपाय गरम आणि लालसर असू शकतात. लोक म्हणतात, "चेहऱ्यावर लाली आलीय, बरं वाटतंय वाटतं." गार पडतात ते नंतर.

आधी टाकी भरायची, म्हणजे सलाईन. पहिल्या तीन तासांत वजनाच्या किलोमागे साधारण ३० मिलिलिटर. तरीही प्रेशर येत नसेल तर पाइप आवळणारं औषध, बहुधा नॉरॲड्रेनलिन. पुरेशी सलाईन देऊनही सरासरी रक्तदाब ६५वर टेकवून ठेवायला हे औषध लागतंय, आणि लॅक्टेट लिटरमागे २ मिलिमोलच्या वर आहे, याला सेप्टिक शॉक म्हणायचं. अशा पेशंटला अँटिबायोटिक तासाभराच्या आत गेलं पाहिजे. व्याख्या बदलली तेव्हाच्या माहितीनुसार शॉकपर्यंत पोचलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त दगावत होते, म्हणून हा वेगळा शब्द लागतो.

धक्केवाला
'शॉक'ला 'धक्का' म्हणू नका, एवढी हात जोडून विनंती. मी भाऊच्या धक्क्यावरचा. आमच्याकडे धक्क्याला बोटी लागतात. लोकलमध्ये धक्का लागतो. बातमीने धक्का बसतो. 'आजींना पूतिजन्य धक्का' म्हटलं तर आजी बंदरात आहेत की विरार फास्टमध्ये, हेच कळायचं नाही.

पण एक शब्द देतो. शिंगाळ्याचा काटा हाताला लागला आणि हात सुजून लाल रेघ वर चढायला लागली, ताप भरला, की आमच्यात म्हणतात "काटा भिनला". 'भिनणं' कसं वाटतं?

कोशकीटक
वा! विष भिनतं, गारठा भिनतो, व्यसनही भिनतं. एका जागेवरून अंगभर पसरण्याचा अर्थ यात नेमका येतो. 'रक्तात गेलं'पेक्षा कितीतरी चांगला.

अतिदक्ष
मलाही आवडला. पण सगळा दोष काट्यावर जातो. शरीराच्या बेताल उत्तराचं काय? 'उलटणं' चालेल का? बचाव शरीरावरच उलटला.

पहाटपाळी
नको हो. "ताप उलटला" म्हणजे गेलेला ताप परत आला. पेशंट घरी जाऊन पुन्हा तापाने येतो तेव्हा आया हेच सांगतात. घोळ होईल.

कोशकीटक
सिस्टर बरोबर आहेत, मी आपला कोशातच रमलो होतो.

लालबागचा नातू
माझी आजी म्हणायची "वात झाला". तापात माणूस बरळायला लागला, अंथरूण चाचपायला लागला, हवेत काहीतरी पकडायला लागला, की "वात झालाय, आता काही खरं नाही." हे तेच का?

कोशकीटक
बरंचसं. त्याचाच थोरला शब्द 'सन्निपात' : वात, पित्त, कफ तिन्ही एकदम बिघडणं. टायफॉइडची भ्रमावस्थाही त्यात यायची, त्यामुळे 'सन्निपात म्हणजे सेप्सिस' असं समीकरण मांडू नका. पण एकच अवयव न बिघडता सगळी घडीच विस्कटलीय, ही जाण त्या शब्दात होती. बाळंतज्वरही घ्या. व्हिएन्नात १८४७ साली सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने इतर डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले, तेव्हा त्या तापाने मरणाऱ्या बाळंतिणी झपाट्याने कमी झाल्या. आज आपण त्याला बाळंतपणातला सेप्सिस म्हणू.

पहाटपाळी
मला विचाराल तर नामावर एवढी डोकेफोड करू नका. 'सेप्सिस' तसाच ठेवा, लोकांनी कोविडही शिकून घेतला, लेप्टोही (साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) घेतला. २००५च्या २६ जुलैनंतर लेप्टो हा शब्द मुंबईत कोणाला समजवावा लागत नाही. पत्रकात क्रियापदं नीट घाला. ती आपल्याकडे ढिगाने आहेत : हुडहुडी भरणं, धाप लागणं, बरळणं, ग्लानीत जाणं, हातपाय गार पडणं. नातेवाईक याच शब्दांत सांगतात, आपणच ते केसपेपरवर इंग्रजीत करतो.

आणि एक शब्दप्रयोग धोक्याचा आहे : "ताप उतरला". म्हाताऱ्या माणसाचं अंग गार लागतंय, घाम सुटलाय, शांत पडलाय. घरचे खूश, ताप उतरला. तो उतरलेला नसतो, माणूस गार पडत असतो. उतारवयात तर कधीकधी ताप येतच नाही, नुसतं जेवण सुटतं आणि तारीख-वार, नावं चुकायला लागतात. "वयामुळे होतंय" म्हणून दोन दिवस जातात.

अतिदक्ष
याला पूर्ण अनुमोदन. खाटेपाशी पटकन बघायच्या तीन खुणा आहेत : मिनिटाला श्वास २२ किंवा जास्त, वरचं बीपी १०० किंवा कमी, आणि शुद्धीत फरक. सेप्सिसवरच्या २०२१च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की गाळणी म्हणून फक्त यांच्यावर विसंबू नका, कारण काही पेशंट यातून निसटतात. पण 'श्वास मोजा' ही गोष्ट घरी कोणीही करू शकतं. सगळ्यांत दुर्लक्षित तीच.

माझगावची
मसुदा असा करतेय :
"सेप्सिस : जंतुसंसर्गाशी लढताना शरीराचा बचाव आपल्याच अवयवांवर फिरणे. जखम दिसलीच पाहिजे असे नाही. शॉक : सलाईन देऊनही बीपी कोसळलेलेच राहणे. हा मनाचा धक्का नव्हे."
त्याखाली सिस्टरांची क्रियापदं. "लघवी कमी होणे" हेही घातलंय.

पहाटपाळी
ते बदला. "लघवी झाली का?" विचारलं की सगळे "हो हो, झाली" म्हणतात. सकाळी सातला झालेली असते आणि आता संध्याकाळचे पाच. साठ किलोच्या माणसाला तासाला ३० मिलीच्या खाली लघवी म्हणजे किडनी कुरकुरतेय. "शेवटची लघवी कधी झाली आणि किती?" असं लिहा. आणि बरळणं सगळ्यात वर घ्या.

माझगावची
घेतलं. मावशीनेही आदल्या रात्री मला माझ्या आईच्या नावाने हाक मारली होती. मी हसले होते.