काचबिंदूचे एकत्र औषधवाले ड्रॉप्स, आईचे डोळे चुरचुरतात, काय करू?

कोरेगावकर:
नमस्कार मंडळी. आईला (वय ६६) दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे, तीन वर्षं झाली. आधी रात्री लॅटानोप्रोस्ट आणि सकाळ-संध्याकाळ टिमोलॉल अशा दोन बाटल्या होत्या, सकाळचा थेंब हमखास राहून जायचा, म्हणून दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी दोन्ही औषधं एकत्र असलेली एकच बाटली दिली, रात्री एक थेंब. डोळ्यातलं प्रेशर २१ वरून १६ वर आलं. पण डोळे लाल, वाळू गेल्यासारखं खुपतं, टीव्ही बघताना सारखी पदराने डोळे पुसत असते. डॉक्टर म्हणाले कोरडेपणा आहे, आता एवढं पाणी येतंय तर कोरडेपणा कसा? तिच्या डोक्यात बसलंय की दोन औषधं एकत्र म्हणजे डबल पॉवर. परवा कळलं की चार दिवस तिने थेंब टाकलाच नाही, बाटली देवघरात तशीच पडून. मला धडकीच भरली.

पापणी_पुणे:
दादा, मी ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासणारी) आहे. आधी डॉक्टरांना फोन करा आणि चार दिवसांचा खंड पडलाय हे सांगा. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही त्यामुळे माणूस निवांत राहतो, पण डोळ्याची नस एकदा गेली की ती नजर परत येत नाही.
डबल पॉवर वगैरे काही नसतं. लॅटानोप्रोस्ट ०.००५ टक्के आणि टिमोलॉल ०.५ टक्के, वेगळ्या बाटल्यांतही बहुतेक वेळा हेच प्रमाण असतं. त्रास बऱ्याचदा बेन्झाल्कोनियम क्लोराइड या प्रिझर्व्हेटिव्हचा (औषध खराब होऊ नये म्हणून घातलेल्या रसायनाचा) असतो, ते साबणासारखं काम करतं, अश्रूंवरचा तेलाचा पातळ थर फोडतं, मग ओलावा पटकन उडून जातो, डोळा चुरचुरतो आणि त्या चुरचुरीनेच भळाभळा पाणी येतं. ते पाणी टिकत नाही म्हणून कोरडेपणा. आईंच्या आधीच्या बाटल्यांत ते असेल तर दिवसाला तीन थेंबांतून जायचं, आता एकातून जातं, म्हणजे एकत्र बाटलीने ओझं कमीच झालंय, पण तीन वर्षांचा मार दोन महिन्यांत भरून येत नाही हो. टिमोलॉलनेही थोडा कोरडेपणा येतो. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले काचबिंदूचे ड्रॉप्स मिळतात, आईंना ते चालतील का विचारा. सोबत कृत्रिम अश्रू दिले तर तेही बिनप्रिझर्व्हेटिव्हचे घ्या, आणि दोन ड्रॉप्समध्ये निदान ५ मिनिटं सोडा, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो.

सोलापुरी_काका:
मला ब्रिमोनिडीन-टिमोलॉल हा दुसरा एकत्र ड्रॉप होता. सात-आठ महिने काही नाही आणि मग पापण्या सुजल्या, आतून लालभडक, खाज इतकी की रात्री चोळून चोळून झोप उडायची. मी कोरडेपणाच समजत बसलो पण ती ब्रिमोनिडीनची ॲलर्जी निघाली, औषध बदललं आणि पंधरा दिवसांत उतरलं. तेव्हा जळजळ आहे की खाज, हे आईला नीट विचारा. आणि थेंब एकच पुरतो, डोळ्यात तेवढाही पूर्ण मावत नाही. खालची पापणी ओढून टाकायचा, डोळा मिटायचा, नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबून धरायचा म्हणजे औषध घशात उतरत नाही. गालावर ओघळलं तर लगेच पुसा, लॅटानोप्रोस्टने कातडी काळवंडते.

मीरज_सून:
आईंना दमा किंवा नाडी मंद असं काही आहे का? टिमोलॉल असलेला थेंब दम्यात चालत नाही. आमच्या सासऱ्यांना धाप लागायची, छातीच्या डॉक्टरांना आम्ही सगळ्या गोळ्या दाखवल्या, डोळ्यातला थेंब सांगायचा कुणाच्या लक्षातच आलं नाही. आणि लेझरबद्दलही विचारा. इंग्लंडमधला मोठा अभ्यास २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, सुरुवातीलाच एसएलटी (डोळ्यातलं प्रेशर कमी करणारं) लेझर केलेल्यांपैकी साधारण चारातले तीन जण तीन वर्षांनंतरही ड्रॉप्सशिवाय होते. आईंचे ड्रॉप्स आधीच चालू आहेत, तरी विचारायला हरकत नाही.

कोरेगावकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. फोन केला, थेंब आज रात्रीपासून परत सुरू, गुरुवारी बोलावलंय. दमा नाही. बाटली भिंगाखाली धरून वाचली, अगदी शेवटच्या ओळीत बेन्झाल्कोनियम आहे. ताई, तुमचं तीन थेंबांचं गणित आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली मग हीच बाटली बरी की, आण इकडे.