बेडरूमला रंग किती लिटर लागेल?

बी-३०२: पेंटर म्हणतोय, टू बीएचके आहे, २० लिटरची बादली आणून ठेवा. पण आम्हाला प्रत्येक खोलीला वेगळा शेड हवाय. मोठी बेडरूम १२ बाय १०, उंची साडेनऊ फूट.

ए-१०४: वहिनी, बादली नको. कार्पेट एरियाला, म्हणजे घरातल्या फरशीच्या क्षेत्रफळाला, साडेतीनने गुणून रंगवायचं क्षेत्रफळ काढतात, तो अंदाज कोटेशनपुरता ठीक. शेड वेगळे असले की हिशोब खोलीगणिकच करायचा. चारही भिंती मिळून ४४ फूट, गुणिले साडेनऊ, ४१८. दार ३ बाय ७ (२१) आणि खिडकी ४ बाय ५ (२०) धरली, ती वजा जाता ३७७ चौरस फूट. फिक्स वॉर्डरोब असेल तर त्यामागची भिंतही वगळा. सीलिंगचे १२० वेगळे, ते पांढरं. बऱ्यापैकी इमल्शन (पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग) दोन हातांना लिटरमागे साधारण १२० चौरस फूट जातं. म्हणजे तीनच्या थोडं वर, वाढवून साडेतीन. ४ लिटरचा डबा घ्या.

बी-३०२: काका, कॅटलॉगमध्ये तर लिटरला २५० फूट लिहिलंय!

ए-१०४: खालची बारीक अक्षरं वाचा. एवढा मोठा आकडा बहुतेक एकाच हाताचा असतो.

सी-६०१: आणि तोही प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) मारलेल्या गुळगुळीत भिंतीवरचा. कोऱ्या पुट्टीवर (भिंत सपाट करायच्या लेपावर) थेट रंग मारला की पुट्टी रंग पिते, पहिला हात दिसतच नाही. गडद पिवळा किंवा लाल असेल तर प्रायमर असूनही तिसरा हात धरा. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, मापाने. जास्त ओतलं की रंग पुरतो खरा, पण वाळल्यावर ट्यूबलाइटखाली रोलरचे पट्टे दिसतात.
पुट्टी दोन हातांना किलोमागे १० ते १५ फूट. जुना रंग पूर्ण खरवडणार असाल तर या खोलीला सीलिंगसकट ४० किलोची एक गोणी. जुना रंग घट्ट असेल तर भेगा आणि खिळ्यांच्या भोकांना ५ किलो पुरे. गोण्या मागवण्याआधी पेंटरला हेच विचारा.

डी-२०३: मशीनवर बनवलेला शेड दुकानदार सहसा परत घेत नाही. कमी पडला तर नंतर बनवलेल्या डब्यात किंचित फरक येतो आणि भिंतीच्या मधोमध जोड दिसतो. हॉलला दोन डबे लागले तर मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्या. नवा डबा उघडलाच तर कोपऱ्यापासून सुरू करा.

बी-३०२: हॉलच्या एका भिंतीला ओल आहे, तिचं काय?

ए-१०४: ती भिंत आत्ता हिशोबात धरूच नका. आधी गळती बंद करा, भिंत पूर्ण वाळू द्या. ओलीवर रंग मारला तर फुगे धरून पोपडे निघतील. त्या भिंतीचा रंग नंतरच घ्या, आणि ती अख्खी एकाच डब्यातून कोपरा ते कोपरा मारायला सांगा.