अनोळखी संशोधकाला मेल करून मदत मागावी, पण कशी?

दफ्तरी
मोडी कागदपत्रांवर काम करतो, त्यामुळे विद्यार्थ्यांचे मेल येतात. एक नमुना: 'सर, मराठाकालीन महसूल या विषयाची सर्व माहिती व पीडीएफ लवकरात लवकर पाठवणे.' खाली नाव नाही, कॉलेज नाही. वर 'टू'च्या रकान्यात आणखी दहा-बारा प्राध्यापकांचे पत्ते. मग तिघेजण तेच उत्तर लिहीत बसतात, नाहीतर कुणीच लिहीत नाही.

माझं म्हणणं, आधी शोधा. प्रबंध शोधगंगावर (भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) फुकट वाचता येतात. गणित-भौतिकशास्त्रवाल्यांसाठी अर्काइव्ह (arXiv, पेपर फुकट वाचता येणारं संकेतस्थळ) १९९१पासून आहे. मग एकालाच लिहा: मी कोण, काय वाचलं, कुठे अडलं. आठवड्याने एकदा आठवण करा, त्यापुढे तगादा नको.

माणदेशी
सर, सहमत नाही. 'लवकरात लवकर पाठवणे' हा शाळेत शिकवलेला अर्जाचा मायना आहे, उद्धटपणा नव्हे. वेगळं लिहायला शिकवलं कुणी? आणि शोधा म्हणजे कुठे? 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. पण ती सरकारी संस्थांसाठी. आमचं कॉलेज विनाअनुदानित. पैसे न भरता पेपर देणारं साय-हब हे संकेतस्थळ ऑगस्ट २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ब्लॉक करायला लावलं. लेखकाला मेल करणं एवढीच वाट आमच्याकडे उरते, आणि तिथेही तुम्ही अटी घालताय.

शाईपेन
छापलेला पेपर बिनधास्त मागा. वाचकाने भरलेल्या पैशातलं लेखकाला काहीच मिळत नाही, बहुतेकजण आनंदाने पाठवतात. न छापलेलं लिप्यंतर (मोडी कागदाचं देवनागरीत केलेलं) मागणं ही निराळी गोष्ट. माझ्या परिचयातल्या एका बाईंनी कित्येक महिने खपून केलेली कागदांची यादी मेलवर एकाला दिली. पुढे ती त्याच्या लेखात जशीच्या तशी आली, ऋणनिर्देशात बाईंचं नाव नाही. आता त्या कुणालाच काही देत नाहीत. असं साहित्य मागणाऱ्याने त्याच मेलमध्ये लिहावं की कुठे वापरणार आणि श्रेय कसं देणार. यावर मी तडजोड करणार नाही.

दफ्तरी
शाईपेन, शंभर टक्के.
माणदेशी, माझा आक्षेप भाषेला नाही. एका मुलाचा मेल आला होता, ऱ्हस्वदीर्घ सगळे चुकलेले. पण त्याने पुणे पुराभिलेखागारात रुमाल (जुन्या कागदांचं कापडी गाठोडं) सोडून कागद पाहिला होता, फोटो जोडला होता आणि विचारलं होतं, 'सुहूर सनात हे सलास आहे की सलासीन?' सुहूर सन ही जुन्या मराठी कागदांतली कालगणना, तिचे आकडे अरबी शब्दांत लिहीत. सलास म्हणजे तीन, सलासीन म्हणजे तीस. पत्राचा काळ २७ वर्षांनी सरकतो! त्याच रात्री उत्तर दिलं. असा प्रश्न विचारायला इंग्रजी लागत नाही, मायनाही लागत नाही.

माणदेशी
तो मुलगा पुण्यात पोचला होता, सर. ज्याच्याकडे पुण्याला येऊन राहण्याइतके पैसे नाहीत, ज्याच्या गाईडने स्वतः कधी रुमाल पाहिला नाही, त्याचा प्रश्न मोघमच असणार. त्याला निदान दोन ओळी लिहा: 'हे दोन लेख वाच, मग विचार.' तुम्ही गप्प राहिलात तर आपलं काय चुकलं हे त्याला कळायचं कसं?

दफ्तरी
मान्य. नाव-गाव लिहिणाऱ्याला दोन ओळी जातील, प्रश्न कितीही मोघम असो. बाराजणांना एकदम धाडलेल्या मेलला मात्र नाही.

माणदेशी
त्यालाही एकदा सांगून बघा की, एकेकाला लिही.